काशुलीचं मूळ

“भोपळा आधी मी म्हटलं. माझ्या तोंडातून पडलेला शब्द आहे तो, तू नुसता उचललास,” धुरपदा म्हणाली.

“पडला तेव्हाच उचलून ठेवायचा होता, जाऊबाई,” अनसूया म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली.

बाजार भरलेला. वांगी विकणारी वांगी मोजायची थांबली. कासार बांगड्यांची माळ तशीच हातात धरून उभा राहिला. भांडण सकाळीच सुरू झालं होतं आणि उन्हं चढली तरी उतरायचं नाव घेत नव्हतं.

हे भांडण कशावरून, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. भांडणाचं मूळ कधी भांडणात सापडत नाही, ते घरात सापडतं.

नदीकाठच्या त्या गावात शिंप्यांची दोन घरं होती. एकाच आजाची नातवंडं, पण चुली दोन, दुकानं दोन, आणि मधे एकच भिंत. एका घरात सटवाजी आणि त्याची बायको धुरपदा. दुसऱ्या घरात अनसूया. तिचा नवरा कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव फिरे, म्हणून दुकान तीच बघायची. दोघी चुलत जावा. धुरपदा थोरली, अनसूया धाकटी.

दोन्ही घरं एकच टोपी शिवत. गोल, मऊ, सहा पाकळ्या जोडून केलेली, काठ नसलेली. तान्ह्या पोराला काठाची टोपी घालून बघा, म्हणजे कळेल काठ का नको ते. पोर कुशीवर वळलं की काठ डोळ्यात जातो, आईला बिलगलं की आईला टोचतो. या टोपीला काठच नव्हता, म्हणून ती पोरालाही चाले आणि आईलाही. टोपीचं नाव काशुली.

गावाला हा शब्द इतका आवडला होता, की त्यानं तो टोपीपाशी राहू दिला नाही. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर फडकं बांधलं, की त्यालाही काशुली म्हणत. देवळाचा घुमट म्हणजे देवाची काशुली. कुणाला टक्कल पडलं, की पोरं मागून म्हणत, काशुली चालली बघा. पुष्कळ दिवस अडलेलं लग्न जमलं, की बाया म्हणत, बसली एकदाची काशुली. शब्द असा रुळला की तो कुणी आणला हे कुणी विचारत नाही. पाणी पिताना विहीर कुणी खणली हे कोण विचारतं?

धुरपदा मात्र विचारायची. का विचारायची, तेही ऐका.

तिचा हात वाईट नव्हता. टाका सरळ, पाकळ्या सारख्या, टोपी दुकानात टांगली की बघत राहावी. पण बाया पोरं घेऊन यायच्या त्या अनसूयेच्या ओट्यावर. म्हणायच्या, हिची टोपी घातली की पोर रडायचं थांबतं. हे वाक्य भिंतीतून धुरपदेच्या कानावर पडे, आणि तिचा घास तोंडातच फिरत राही.

“दोरा अफूच्या पाण्यात भिजवत असेल,” ती सटवाजीला म्हणाली.

“अफू परवडली असती तर तिनं स्वतः नसती का खाल्ली, तुझ्या शेजारी राहून,” सटवाजी म्हणाला. तो कमी बोलायचा, पण बोलला की असं.

शेवटी धुरपदेनं एका कुणबिणीच्या हातून अनसूयेची एक काशुली विकत आणवली. दार लावून घेतलं आणि टोपी टाका टाका उसवली. दोरा हुंगला, चाखून पाहिला. अफू नव्हती. एवढंच दिसलं, की अनसूया दोऱ्याची गाठ टोपीच्या बाहेरून मारते. धुरपदा आतून मारायची, म्हणजे दुकानात टांगलेली टोपी बाहेरून गुळगुळीत दिसावी. तान्ह्याची टाळू मऊ असते, तिला आतली गाठ रुतायची. म्हणून पोरं रडायची.

शहाण्या बाईनं त्या दिवसापासून गाठ बाहेर मारली असती. धुरपदेला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण मग ती अनसूयेची गाठ झाली असती. तिनं उसवलेल्या पाकळ्या चुलीत घातल्या आणि पुढची टोपी आतून गाठ मारूनच शिवली.

हातानं जिंकता येत नाही म्हटल्यावर माणूस नावाकडे वळतं. धुरपदा नावाकडे वळली.

ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, की काशुली मुळात आमच्या घरची. माझ्या सासूबाईंनी, बयाबाईंनी, पहिली शिवली. काशीला निघालेल्या दिरासाठी शिवली, म्हणून तिचं नाव काशुली. पलीकडच्या घरानं नुसती नक्कल केली.

अनसूयाही काही गाय नव्हती. तिचे सासरे खेमाजी, बयाबाईंचे धाकटे दीर, खरंच पायी काशीला जाऊन आले होते. त्यांची कावड अजून तिच्या माजघरात टांगलेली होती. ती म्हणे, “मामंजी ती टोपी डोक्यावर घालूनच परत आले. सगळ्या गावानं पाहिलं. टोपीही त्यांनीच आणली आणि नावही.”

म्हणजे एकीचं म्हणणं, टोपी इथून काशीला गेली. दुसरीचं म्हणणं, ती काशीहून इथं आली. गावाला दोन्ही चालत होतं. थंडीत टोपी मिळाली म्हणजे झालं.

मग राजाला मुलगा झाला.

राणी त्याच मुलखातली, लहानपणी तिनंही काशुली घातलेली. ती म्हणाली, माझ्या मुलाच्या डोक्यावर पहिली टोपी काशुलीच हवी, आणि ती मूळ घरचीच हवी. ज्या घरानं ही टोपी आणि तिचं नाव जगाला दिलं, त्या घराला मान. यापुढं राजघराण्यात जे मूल जन्मेल त्याची पहिली टोपी त्या घरानं शिवायची, आणि बारशाला त्या घरच्या बाईचा पाट राणीच्या पाटाशेजारी मांडायचा.

कारभारी घोड्यावरून गावात आला तेव्हा धुरपदा उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं पाटाचं ऐकलं. राणीशेजारी आपण बसलोय, हे तिला दिसलं. आणि लगेच, पापणी लवायच्या आत, त्याच पाटावर अनसूया बसलेली दिसली. पहिल्या चित्रानं तिला जेवढं सुख झालं नाही, तेवढी दुसऱ्यानं आग लागली. हेव्याचं असंच असतं. तो आपल्या ताटाकडे बघत नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. कारभाऱ्यानं आधी अनसूयेला विचारलं. तिनं कावड आणून दाखवली. दोन म्हातारे उठून म्हणाले, होय, खेमाजी परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर ही टोपी होती, आम्ही वेशीवर सामोरे गेलो होतो. कारभारी मान हलवू लागला. धुरपदेला ती मान अशी हलताना बघवेना.

मग कारभारी तिच्याकडे वळला. “बाई, तुम्ही दोन्ही घरांत थोरल्या. तुम्ही बयाबाईंच्या हाताखाली नांदलात. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं? बेलभंडार उचला आणि शपथेवर सांगा. तुमचा शब्द मी शेवटचा धरीन.”

बेलाची पानं आणि मूठभर भंडारा परातीत ठेवला होता. ती परात तिच्यासमोर आली.

आता खरं काय होतं, ते धुरपदेला पक्कं ठाऊक होतं. त्या गावात ते सगळं ठाऊक असलेली ती एकटीच उरली होती. बयाबाईंनी अंथरुणाला खिळल्यावर तिला सांगितलं होतं, “धुरपदे, भावजी काशीला निघाले तेव्हा थंडीचे दिवस. प्रयागला मुंडण व्हायचं. तुळतुळीत डोक्यावर पागोटं राहतंय होय? म्हणून मी ती टोपी शिवली. वाऱ्यासाठी शिवली, उन्हासाठी नव्हे, म्हणून काठ ठेवला नाही. भावजी ती घालून गेले, घालून आले, आणि वेशीवर लोकांनी विचारलं हे काय, तर म्हणाले ही आमची काशुली. मग बाया तशीच तान्ह्यांसाठी शिवून मागू लागल्या. शिवली मी, नाव ठेवलं भावजींनी. दोन्ही घरांची आहे हो ती. वाटून खा.”

एवढं सांगितलं असतं, तर मान दोन्ही घरांना अर्धा अर्धा मिळाला असता. दोन पाट मांडले गेले असते. राणीच्या एका बाजूला धुरपदा, दुसऱ्या बाजूला अनसूया.

धुरपदेनं परातीत हात घातला. खरं सांगायला तोंड उघडलंही. तेवढ्यात अनसूयेनं डोक्यावरचा पदर नीट केला, नुसता नीट केला, पण धुरपदेला वाटलं ती पाटावर बसायची तयारीच करतेय. अर्धा मान हिला? बाहेर गाठी मारणारीला? तिनं नजर वळवली. समोरच्या माळ्याच्या छपरावर वेल चढला होता, आणि त्यावर एक लाल भोपळा उन्हात पिकत बसला होता. आपण ज्याला लाल भोपळा म्हणतो त्यालाच तिकडं काशीफळ म्हणत.

धुरपदेनं बेलभंडार उचलला आणि म्हणाली, “सासूबाई सांगायच्या, काशीफळ मधोमध कापून पालथं घातलं की दिसतं, तशी ही टोपी दिसते. म्हणून ती काशुली. आम्ही शिवण्याच्या आधीपासून लोक शिवत होते. त्यात ना आमच्या घराचं काही, ना त्यांच्या.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू पुढच्या ओळीपर्यंत आलं.

कारभारी म्हणाला, “म्हणजे भोपळा?”

“भोपळा,” धुरपदा म्हणाली.

“मग मान कुणाचाच नाही. टोपी राजवाड्यातले शिंपी शिवतील.” तो घोड्यावर बसला आणि गेला.

घरी आल्यावर सटवाजीनं पागोटं खुंटीला अडकवलं. “आईनं शिवलेली टोपी,” तो म्हणाला, “भोपळ्याला दिलीस.”

“तिला तर मिळाली नाही ना,” धुरपदा म्हणाली.

सटवाजी त्या दिवशी जेवायला बसला नाही. धुरपदा बसली, आणि पोटभर जेवली.

पुढची थंडी आली. नेहमी थंडी पडली की दोन्ही ओट्यांवर बाया जमत. या वर्षी कुणी आलं नाही. आपल्या पोराच्या डोक्यावर भोपळा कोण घालेल? कुणी जावळ झाकायला जुना पदर गुंडाळला, कुणी पलीकडच्या गावाहून कानटोपी आणली. काशुली घातलेलं एखादं पोर रस्त्यात दिसलंच, तर दुसरी पोरं विचारत, भाजी केवढ्याला.

धुरपदेनं शिवणं सोडून दिलं. गिऱ्हाईक नाही तर शिवायचं कुणासाठी? पण तिचा वेळ मजेत जात होता. भिंतीला एक भोक होतं, उंदरानं केलेलं, त्याला डोळा लावून ती अनसूयेचा रिकामा ओटा बघायची. स्वतःचाही ओटा तितकाच रिकामा आहे, हे त्या भोकातून दिसत नव्हतं.

“आज कुणी आलं होतं का?” सटवाजी कापडाच्या गठ्ठ्यावरची धूळ झटकत विचारायचा.

“कुणी नाही,” ती खुशीत सांगायची.

“मी आपल्या दुकानाचं विचारतोय.”

अनसूयेच्या घरात चार तोंडं होती आणि नवऱ्याच्या गाठोड्यातल्या टोप्या तशाच परत येत होत्या. ती एक दिवस रडली असेल, दोन दिवस रडली असेल, ते काही धुरपदेला भोकातून दिसलं नाही. तिला दिसलं ते निराळंच. अनसूया रंगाऱ्याकडून केशरी रंगाचं कापड घेऊन आली. सहा पाकळ्या कापल्या. जोडल्या. मग हिरव्या चिंधीची एक छोटी वळकटी केली, आणि टोपीच्या बरोबर डोक्यावर देठासारखी उभी शिवली.

पुढच्या बाजारी ती गोणपाट अंथरून बसली आणि न लाजता हाक देऊ लागली, “भोपळा घ्या, भोपळा. आईनं पिकवलेला भोपळा.”

पहिल्यांदा पोरं हसली. मग एकानं आईचा पदर ओढला, मला पाहिजे. मग दुसऱ्यानं ओढला. पोरांचं काय आहे, ज्याला मोठी माणसं लाजतात त्यालाच ती झोंबतात. दोन बाजार झाले नाहीत, तोवर गावात जिकडं तिकडं भोपळे चालू लागले, रांगू लागले, पाळण्यात झोपू लागले. आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली. काशुली हा शब्द बाजूला पडला. लोक म्हणू लागले, भोपळा टोपी.

भोकाला लावलेला धुरपदेचा डोळा लाल झाला. तिनं शिवी म्हणून फेकलेला शब्द त्या बाईनं झेलला, धुतला, आणि त्याच्यावर आपल्या पोरांना तूपभात चारला. चोरी याहून निराळी काय असते?

आणि म्हणून ती आज बाजारात आली होती. इथंच आपण गोष्ट सुरू केली होती.

“तुझं काय आहे त्यात?” धुरपदा आता गोणपाटाच्या अगदी काठाशी येऊन उभी राहिली. “रंग रंगाऱ्याचा. पाकळ्या जुन्याच. राहिलं नाव, तर ते माझं. सगळ्या गावासमोर चावडीवर मी म्हटलं. तेव्हा तू होतीस की समोर, तोंड एवढंसं करून.”

“होते ना,” अनसूया म्हणाली. “तुम्ही म्हणालात तेव्हा गाव हसलं होतं. आता हसत नाही, एवढाच फरक.”

“हसायचं बोलू नकोस. लोकांना सांग, हा शब्द धुरपदेचा आहे म्हणून.”

“शब्दाला काय चिठ्ठी लावून विकू, जाऊबाई? टोपीला देठ लावायला वेळ पुरत नाही मला.”

बाया हसल्या. वांगी विकणारीनं ओरडून विचारलं, “धुरपदाकाकू, माझ्याकडं वांगी आहेत, तीही तुमचीच का?” धुरपदेनं तिच्याकडे असं पाहिलं, की वांग्यांचा ढीग खचावा.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. कारभारी घोड्यावरून उतरून चालत येत होता. राजपुत्र आता रांगायला लागला होता. राजवाड्यातल्या शिंप्यांनी शिवलेल्या जरीच्या टोप्या तो काढून टाकत होता, आणि परवा दाईच्या मुलाच्या डोक्यावरचा केशरी भोपळा ओढून घेऊन तो सोडायला तयार नव्हता. राणीनं पुन्हा कारभाऱ्याला धाडलं होतं. हा भोपळा ज्या घरचा, त्या घराला तोच मान, तोच पाट.

“कुणाचा हा भोपळा?” कारभाऱ्यानं विचारलं.

“माझा,” धुरपदा म्हणाली. अनसूयेनं तोंड उघडायच्या आत म्हणाली. “शब्द माझा आहे. तुमच्यासमोरच बोलले होते मी. तुम्हीच साक्षी.”

कारभारी माणूस हुशार होता. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. “मला आठवतं, बाई. बेलभंडार उचलून तुम्ही म्हणालात, की हे सासूबाईंचं बोलणं. आणि टोपी त्याच्याही आधीची. मग शब्द तुमचा कसा झाला?”

इथं धुरपदेला दोन वाटा होत्या. सासूचंच बोलणं म्हटलं, तर भोपळा हातचा जातो आणि अनसूया पाटावर बसते. आपलं म्हटलं, तर बेलभंडार खोटा ठरतो. सटवाजी गर्दीत उभा होता. त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली, नको, बोलू नको, घरी चल. तिला ते दिसलं. पण तिला त्याच्या पलीकडे केशरी टोप्यांची चळतही दिसत होती, आणि त्या चळतीवर अनसूयेचा हात.

“सासूबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या,” ती म्हणाली. “भोपळा मी काढला. माळ्याच्या छपरावर पाहिला आणि काढला. माझ्या एकटीचा आहे तो.”

वांगी विकणारीनं हातातलं तागडं खाली ठेवलं.

“मग बयाबाई काय म्हणाल्या होत्या?” कारभाऱ्यानं हळूच विचारलं.

आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. गाडी उताराला लागली होती. “शिवली त्यांनी,” ती म्हणाली. “नाव ठेवलं हिच्या सासऱ्यांनी. दोन्ही घरांची आहे म्हणाल्या, वाटून खा म्हणाल्या. पण हिच्याबरोबर वाटून खायचं? मी सगळंच बुडवलं, माझ्या घरचंही बुडवलं, पण हिला खाऊ दिलं नाही. आणि ही बया भोपळा खाऊन बसली. तेवढा तरी माझा मला द्या.”

सटवाजी खाली बसला. तिथंच, मिरचीवाल्याच्या पोत्यावर. आईनं शिवली होती, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. आईनं वाटून खा म्हटलं होतं, हे त्याला आज कळत होतं.

धुरपदेनं आजूबाजूला पाहिलं. कुणी हसत नव्हतं. हसले असते तर तिला परवडलं असतं. वांगी विकणारी खाली बघत होती. आत्ता कुठं धुरपदेला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

कारभारी अनसूयेकडे वळला. “बाई, खोटा बेलभंडार उचलणाऱ्याला या गावची वेस बंद होते. घर, दुकान, सगळं सोडून जावं लागतं. ही जुनी रीत आहे आणि राजालाही ती मोडता येत नाही. पण ज्याचं नुकसान झालं त्यानं तक्रार केली तरच. तुमचा अर्धा मान यांनी बुडवला. एक थंडी तुमची पोरं उपाशी राहिली. तुम्ही काय म्हणता?”

अनसूयेनं सुई कापडात खोचली. धुरपदा तिच्या तोंडाकडे बघत होती. एवढी वर्षं भोकातून ती या बाईचा ओटा बघत आली, गिऱ्हाईक बघत आली, दोरा बघत आली. तोंडाकडे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. बोटं सुईनं टोचून टोचून जाड झाली होती. बोलायला इतका वेळ लावतेय म्हणजे ही शब्द शोधतेय, वेस बंद करायचा शब्द, असं धुरपदेला वाटलं. आणि तो तिनं उच्चारला असता, तर तिथं जमलेल्यांतल्या एकानंही तिला नावं ठेवली नसती. धुरपदेनंही ठेवली नसती. तिच्या जागी ती असती तर केव्हाच बोलून मोकळी झाली असती, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

अनसूयेनं केशरी टोप्यांची चळत उचलून मांडीवर घेतली. गोणपाटावर एका माणसाची जागा झाली. त्या मोकळ्या जागेवरचे दोऱ्याचे तुकडे तिनं हातानं झाडले, कातरी उचलून पलीकडे ठेवली, आणि मान वर न करता म्हणाली,

“भोपळा तुमचाच, जाऊबाई, आता बसा इथं, मला एकटीला शिवून पुरत नाहीत.”

तात्पर्य: दुसरीच्या पानात अर्धं पडू नये म्हणून जी आपलंही पान उलटं करते, ती उपाशी राहते आणि खोटीही ठरते, हेवा वाटायला लागला की भिंतीच्या भोकापासून उठावं, आणि जिचा हेवा वाटतो तिच्याच शेजारी कामाला बसावं.